लेकीच्या घरचं पाणी

देगलूर
९ नोव्हेंबर २०२५

श्रीमती महानंदाबाई यांना नागम्माचा शरणार्थ.

विहीणबाई, दिवाळीत तुम्ही दोनदा फोन केलात. दोन्ही वेळा मी 'हाव, हाव' करून ठेवून दिला. तुम्ही काय बोललात ते मला अजून माहीत नाही. मागं एकदा तुम्ही शेजारीण वारल्याचं सांगत होतात म्हणे, आणि मी म्हणाले, 'लई छान झालं.' तेव्हापासून ठरवलंय, महत्त्वाचं काही असेल तर पत्रच लिहायचं. दुकानातला मोबाईल सगळ्या घराचा आहे, त्यावर लिहिलेलं आधी गिऱ्हाईक वाचतं आणि मग मी.

नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डावा कान गेल्यातच जमा आहे. उजवा वर्ष-दोन वर्षं रेटेल म्हणाले. यंत्र दिलंय, त्यात माणसापेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. परतीच्या बसमध्ये मी विचार केला, की कान बंद व्हायच्या आत काय ऐकायचं राहिलंय? तुम्ही हसाल. मला नाटक ऐकायचंय.

मी बारा वर्षांची असताना इथं कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात नाटक आलं होतं. आम्ही पार मागं, पोत्यांवर बसलो होतो. दोन अंक झाले आणि धाकटा भाऊ रडायला लागला, म्हणून बापानं सगळ्यांना उठवून घरी नेलं. पुढं त्या बाईचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. मग लग्न, मग कापडाचं दुकान, चाळीस वर्षं गेली. आता मला खऱ्या थेटरात पहिल्या रांगेत बसायचंय आणि नाटक शेवटपर्यंत ऐकायचंय.

तुम्ही तीस वर्षं शाळेत पोरांची नाटकं बसवलीत. सोबत तुमचीच हवी. पुण्याला जाऊ, तीन दिवस, तीन नाटकं. उतरायचं मात्र हॉटेलात. माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. माझ्या आईनं पाळलं, मी पाळते. लग्नाला सात वर्षं झाली, पण दामिनी आणि सिद्धलिंगाचं पुण्यातलं घर मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही पोराच्या आई, तुम्हाला मुभा आहे. पण तुम्ही तिकडं आणि मी हॉटेलात, असं नको.

आणि दामिनीला सांगू नका. ती 'घरीच या' म्हणून हट्ट धरेल आणि माझा नेम मोडेल.

तुमची
नागम्मा


लातूर
१९ नोव्हेंबर २०२५

सौ. नागम्माबाईंना शरणार्थ.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. कानाचं वाचून वाईट वाटलं, आणि नाटकाचं वाचून मात्र मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या. नक्की जाऊ.

फक्त पुणंच हवं का, याचा विचार करा. नाटकं नांदेडलाही येतात, आमच्या लातुरातही येतात. तुम्ही इकडे आलात तर माझ्याकडेच राहाल. मी एकटीच तर असते. पुण्यातली गर्दी, रस्ते, त्यात तुमचा कान. आणि जानेवारीत माझं मोतीबिंदूचं ठरतंय, त्यामुळे फेब्रुवारीच्या आधी मला निघता यायचं नाही.

पुण्यालाच जायचं असेल तर स्टेशनजवळ एखादं मोठं हॉटेल बघू. लिफ्ट असते, खाली रिक्षा मिळते. मी चौकशी करते, तुम्ही त्रास घेऊ नका. दामिनीला सांगायचं नाही हे अगदी बरोबर. मुलं आपापल्या कामात असतात, त्यांच्यामागे कशाला लागायचं?

तुमचा नेम मोडू नये याची काळजी मलाही आहे.

तुमची
महानंदा


देगलूर
३० नोव्हेंबर २०२५

विहीणबाई, शरणार्थ.

हॉटेल सापडलं! तुमची चौकशी थांबवा.

झालं असं, की मालकांनी पुण्याहून साड्यांचा गठ्ठा मागवला होता. (मालक म्हणजे आमचे धोंडप्पा. लिहिताना नाव घेते, समोर घ्यायची हिंमत नाही.) गठ्ठ्याला पुण्याचा जुना पेपर गुंडाळला होता. मला रद्दीतलंही वाचायची खोड आहे. त्यात अर्धं पान भरून एका हॉटेलाबद्दल आलंय. नाव 'ओसरी'. मोठ्या कंपनीचं नाही, एका बाईचं स्वतःचं. पेठेतल्या जुन्या घरात आठच खोल्या. नाट्यगृह चालत पाच मिनिटांवर. बाहेरगावाहून नाटकाला येणारी माणसंच तिथं उतरतात. तिकिटं तेच काढून ठेवतात. आणि ऐका, तिथल्या व्यवस्थापक ताई वयस्कर पाहुण्यांना स्वतः हात धरून थेटरात नेऊन बसवतात आणि नाटक सुटलं की आणायला जातात. परत आल्यावर सगळे ओसरीवर बसून नाटकावर बोलतात. सकाळी पूजेला वेगळी खोली आहे. माझी लिंगपूजा शांतपणे होईल.

जेवण कसलं, माहीत आहे? ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी! पुण्यात येसर! पेपरवालीनं 'येसर म्हणजे मराठवाड्यातला एक मसाला' असं समजावून लिहिलंय, ते वाचून मला हसू आलं. ताईंनी म्हणे फोटो काढू दिला नाही, जेवणाचाच काढा म्हणाल्या. भाकरीचा फोटो आहे. पापुद्रा असा फुगलाय, की त्या पोरीला कुणीतरी कान पिळून शिकवलं असणार.

स्टेशनजवळच्या चार मजली हॉटेलात मला कोण हात धरून नेणार? माझं ठरलं.

नागम्मा


लातूर
१२ डिसेंबर २०२५

सौ. नागम्माबाई, शरणार्थ.

तुमचा उत्साह पाहून बरं वाटतं, पण पेपरात आलं म्हणून सगळं खरं नसतं. अशी लहान हॉटेलं दिसायला गोड असतात. जुनं घर म्हणजे लिफ्ट नाही. जिना अरुंद, नवव्या पायरीची फरशी हलते. न्हाणीघरातली मोरी तुंबते. खोल्यांच्या भिंती लाकडी, शेजारचा घोरला तरी ऐकू येतं. (तुम्हाला नाही, मला.) शिवाय अशा ठिकाणी सगळे एकमेकांशी बोलत बसतात, आपल्याला ते जमेल का?

मी स्टेशनजवळच्या हॉटेलचा पत्ता काढला आहे. चकाचक आहे. नाटकाला रिक्षा करू.

माझं ऐका. तुम्ही एकदा ठरवलं की कुणाचं ऐकत नाही, हे मला माहीत आहे. पण या वेळी ऐका.

महानंदा


देगलूर
२२ डिसेंबर २०२५

विहीणबाई,

एक विचारू? पेपरातल्या फोटोत भाकरी आहे, जिना नाही. मग नवव्या पायरीची फरशी हलते हे तुम्हाला लातुरात बसून कसं दिसलं? मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना एवढं लांबचं दिसत असेल तर ऑपरेशन कशाला करताय?

मला कळतं काय आहे ते. तुम्हाला माझ्याबरोबर चारचौघांत बसायची लाज वाटते. मी बहिरी, मध्येच मोठ्यानं 'आँ?' करणार, पुण्याची माणसं बघणार. स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही. मी पहिल्या रांगेत बसेन, तुम्ही दहाव्या रांगेत बसा.

आणि मी कुणाचं ऐकत नाही म्हणालात, ते खरंय. दामिनीनं तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. अडीच वर्षांपूर्वीचा अधिक महिना. मी जावयाच्या धोंड्याची तयारी केलेली. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, गल्लीतल्या पाच सवाष्णी जेवायला. आणि ही बाई बसमधून एकटीच उतरली! म्हटलं, 'जावई कुठंय?' तर म्हणे, 'त्याला काम हाय.' अहो, धोंडा लेकीचा असतो का? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी तिथल्या तिथं तिची ओटी भरली, अनारसे डब्यात घातले आणि चारच्या बसनं परत पाठवली. 'जावयाला घेऊनच ये,' म्हटलं. रडली थोडी. पण लेकीला वळण असं लावावं लागतं. बघा, संसार कसा सुरळीत चाललाय. येत्या मे महिन्यात पुन्हा अधिक आहे. या वेळी दोघंही आली पाहिजेत, तुमच्या लेकाला सांगून ठेवा.

तर मी 'ओसरी'च्या मालकीणबाईंना आजच पत्र टाकलंय. तुमचं नावही कळवलंय. विहिणी विहिणी म्हटलं तर भांडतील म्हणून खोलीच देणार नाहीत, म्हणून लिहिलं, 'मी आणि माझी मैत्रीण, लातूरच्या निवृत्त शिक्षिका महानंदाबाई.' लिहिताना मला बरं वाटलं. तुम्ही माझी मैत्रीणच आहात.

नागम्मा


ओसरी, पुणे
८ जानेवारी २०२६

श्रीमती नागम्माबाई यांस सप्रेम नमस्कार.

हॉटेलला हातानं लिहिलेलं पत्र यायची ही पहिलीच वेळ. फेब्रुवारी-मार्चमधल्या नाटकांची यादी सोबत पाठवते. तुम्हाला पहिल्या रांगेतल्या, उजव्या कानाला सोयीच्या खुर्च्या मिळवून देऊ. खोली तळमजल्यावरची देऊ. वरच्या जिन्याची एक फरशी हलते, ती या महिन्यात नीट करतोय.

तुमच्या पत्रातलं महानंदाबाईंचं नाव वाचून मी उडालेच. अहो, त्या माझ्या शाळेतल्या बाई! मी मूळची मुरुडची, शिकायला लातूरला होते. नाटकाचं वेड मला बाईंनीच लावलं. पुण्यात येऊन वीस वर्षं नाटकांचे कपडे शिवले आणि मग हे घर घेतलं. बाई इथं दोनदा राहून गेल्यात. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? आणि मग आमच्या दामिनीताईंना तर तुम्ही ओळखतच असाल. बाईंची लेक. अडीच वर्षांपूर्वी बाई स्वतः तिला घेऊन आल्या. 'माझी मुलगी आहे, सासर सुटलंय, सांभाळ,' म्हणाल्या. मी काय सांभाळणार, तिनंच 'ओसरी' सांभाळली. वरच्या मजल्यावर राहते. तुम्ही वाचलंत ते भाकरी आणि येसर तिचंच. येसर तिची आई दर दिवाळीला डबा भरून देते. पाहुणे घरी न्यायला मागतात, पण ती देत नाही.

सध्या दामिनी रजेवर आहे. बाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, म्हणून पंधरा दिवस माहेरी, लातूरला गेली आहे. म्हणूनच उत्तर मी लिहितेय, नाहीतर पत्रव्यवहार तीच बघते. आली की तुमचं पत्र तिला दाखवते. खूश होईल.

आपली
शिल्पा


देगलूर
१२ जानेवारी २०२६

महानंदाबाई,

सोबत शिल्पाबाईंच्या पत्राची झेरॉक्स आहे. डोळा बरा झाला असेल तर स्वतः वाचा. नसेल तर तुमच्या लेकीकडून वाचून घ्या. ती तुमच्या उशाशीच बसलेली असेल.

येसर माझा. दिवाळीच्या आधी मी चार दिवस खपून भाजते, कांडते, डबा भरून पोरीच्या पिशवीत घालते. येसर माझा, पोर माझी, आणि आई तुम्ही!

मला वाटायचं, तुमचा सिद्धलिंग आणि माझी दामिनी पुण्यात नांदतायत. मी रोज सकाळी पूजेला बसले की त्या दोघांसाठी मागायची. कुणासाठी मागत होते मी अडीच वर्षं? फोनवर पोरीला ओरडून विचारायची, 'बरं हाय का?' ती ओरडायची, 'समदं बरं हाय!' आणि मी ऐकू आलं म्हणून खूश व्हायची. बहिरीला फसवायला तुम्हाला फार कष्ट पडले नसतील.

आणि माझा नेम मोडू नये याची तुम्हाला काळजी! मी लेकीच्या घरी जाणार नाही, म्हणजे घर नाही हे मला कधी कळणार नाही. माझ्या आईचा नेम तुम्ही कुलपासारखा वापरलात.

मैत्रीण म्हणून लिहिलं होतं मी तुम्हाला. तो शब्द परत घेते.

नागम्मा


लातूर
२० जानेवारी २०२६

नागम्माबाई,

अक्षर वाकडं आलं तर माफ करा, डोळ्यावर अजून हिरवी पट्टी आहे. दामिनी 'मी लिहून देते' म्हणत होती, पण हे मलाच लिहायला हवं.

धोंड्याच्या त्या वर्षी जूनमध्ये माझा लेक बंगळुरूला गेला. नोकरीसाठी म्हणाला, पण तिथं त्याचं दुसरं कुणी होतं. हे मला सून म्हणून तिनं नाही सांगितलं, त्यानंच फोनवर सांगितलं, जणू दुसरी सायकल घेतोय. मी त्याच्याशी त्या दिवसापासून बोललेले नाही. गेल्या वर्षी कोर्टातून मोकळीक झाली. साक्षीला मी तुमच्या लेकीच्या बाजूनं उभी राहिले, माझ्या लेकाच्या समोर.

तुम्हाला का नाही सांगितलं? पहिलं कारण म्हणजे लाज. वाढवलं मी त्याला. तुमच्यासमोर काय तोंड घेऊन यायचं? दुसरं, दामिनीनं मला शपथ घातली. 'अव्वाला कळलं तर ती मला परत बसमध्ये बसवेल,' असं ती म्हणायची. त्याचा अर्थ मला तुमच्या डिसेंबरच्या पत्रानं कळला. तो धोंड्याचा दिवस तुम्ही हसत लिहिलाय. मी तो दुसऱ्या टोकाकडून पाहिला होता.

तिसरं कारण लिहायला जड जातंय. मला ते गोड लागलं. नवरा गेला, मुलगा असून नाही. ही पोर महिन्यातून एकदा यायची, केसांना तेल लावून घ्यायची, 'आई' म्हणायची. शिल्पाला 'माझी मुलगी' म्हणून सांगितलं ते तिला प्रश्न विचारले जाऊ नयेत म्हणून. पण नंतर ते खोटं आहे हे मीच विसरत गेले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला नेली असती. मी चोरी केली, नागम्माबाई. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि एक. हे मी लपवलं तर पुन्हा फसवणूकच. तुमच्या मालकांना सगळं माहीत आहे. ते गेल्या वर्षी कापड आणायला पुण्याला गेले तेव्हा दामिनीनं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'तुझ्या अव्वाला नको सांगू, गल्लीत तोंड दाखवणार न्हाई ती.'

मोठ्या हॉटेलचा हट्ट का धरला होता, ते आता वेगळं सांगायला नको. तुम्ही नाटक ऐकायला पुण्याला यावं, ऐकून परत जावं आणि दोन गल्ल्या पलीकडे तुमची लेक आहे हे तुम्हाला कळू नये, असा माझा बेत होता. लिहून काढल्यावर तो फार वाईट दिसतो.

महानंदा


ओसरी, पुणे
२ फेब्रुवारी २०२६

अव्वा,

शिल्पाताईंनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं. 'बघ, तुमच्या भागातल्या आजी,' म्हणाल्या. तुझं अक्षर मी पाकिटावरच ओळखलं. पहिल्या रांगेत बसायचं आहे असं तू लिहिलंयस. मला तू कधी सांगितलं नव्हतंस की तुला नाटक बघायचंय. मीही तुला कधी विचारलं नाही. रोज दहा अनोळखी आज्यांना मी थेटरात नेऊन बसवते.

तू रागावली आहेस, आईंना लिहिलेलं पत्र मी वाचलं. त्यांना नको बोलू, मला बोल.

धोंड्याच्या दिवशी मी राहायला आले होते. जावयाला काम होतं ते खोटं. माझ्या पिशवीत सगळे कपडे होते, सर्टिफिकेटं होती, उशीचा अभ्रासुद्धा होता. रस्ताभर मी पाठ करत आले होते, की आधी काय सांगायचं, मग काय सांगायचं. पण दारात पाय ठेवला आणि तू विचारलंस, 'जावई कुठंय?' तू मला पाणी दिलं नाहीस, अव्वा. विसरलीस. बायका बसल्या होत्या, ताटं मांडली होती, तू घाईत होतीस. दोन तासांत मी परत बसमध्ये.

उदगीरपर्यंत मी ठरवलं नव्हतं कुठं जायचं. मग लातूरला उतरले. आईंच्या दारात अनारशांचा डबा घेऊन उभी राहिले. त्यांनी सिद्धलिंगाचं नाव काढलं नाही. तांब्या आणला आणि म्हणाल्या, 'आधी पाणी पी.'

दर भाऊबीजेला देगलूरच्या स्टँडवर उतरले की मी बायकांच्या मुतारीत जाऊन मंगळसूत्र घालायची आणि मग घरी यायची. परत जाताना तिथंच काढायची. तू दरवेळी बघून म्हणायचीस, 'वाट्या जपून वापर.' मला तुला फसवायचं नव्हतं. मला फक्त दोन दिवस तुझ्याकडं राहायचं होतं.

येसर तुझाच आहे. मी शिल्पाताईंना आता सांगितलंय.

दामिनी


देगलूर
१६ फेब्रुवारी २०२६

दामिनी,

काल शिवरात्र होती. उपास धरून मी दिवसभर तुझं पत्र वाचत बसले. आज पारणं करून लिहायला घेतलं.

आधी राग सांगते, मग बाकीचं. तुझ्यावर राग आहे. तो मी येईपर्यंत जाईल असं समजू नको. कुठल्याही आईला अडीच वर्षं लेकीच्या मोडलेल्या संसारासाठी बेल वाहायला लावू नये. तुझ्या बाबांशी मी बोलत नाही. ते बोलायला आले की मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवते. परवा ते यंत्रासमोरच बसून माफी मागत होते. ओठांवरून कळलं. तोंड दाखवायचं काय ते मी बघून घेईन म्हणावं. त्या दिवशी जेवायला होत्या त्या पाचही बायकांना मी काल संध्याकाळी देवळात सांगून टाकलं, की माझ्या लेकीनं नवरा सोडलाय आणि ती पुण्यात हॉटेल चालवते. दोघी उठून गाभाऱ्याकडं गेल्या. एक म्हणाली, 'खोली मिळंल का?' ती धंद्याची चौकशी तुझ्याकडं पोचवते.

महानंदाबाईंना मी उत्तर लिहिलेलं नाही. त्यांनी तुला पाणी दिलं, त्याचे उपकार मी फेडू शकत नाही. आणि त्यांनी तुला ठेवून घेतलं, ते मी माफ करू शकत नाही. ही दोन्ही खरी आहेत, मला ती एकत्र बसवता येत नाहीत. तू त्यांना आई म्हण, मी अडवणार नाही. पण या खेपेला त्यांचं तिकीट काढायचं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. त्या दिवशी चारच्या बसमध्ये तुझी पिशवी मी चढवली होती. आठवतं? एका हातानं उचलेना, मला दोन्ही हात लावावे लागले. दोन दिवसांच्या धोंड्याला कुणी एवढं घेऊन येतं का? मी कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं काढलीत, गठ्ठा उचलला की मला आत किती कपडा आहे ते कळतं. मला कळलं होतं, दामिनी. सगळं नाही, पण अर्धं कळलं होतं. तेव्हा माझे दोन्ही कान चांगले होते. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. बस हलली तेव्हा तू खिडकीतून काहीतरी म्हणालीस आणि मी ऐकू न आल्यासारखा हात हलवला. सगळ्यांनी मला फसवलं म्हणून मी महिनाभर रडतेय. पण पहिल्यांदा फसवलं ते मी तुला. हे मी तुझ्या बाबांना सांगितलेलं नाही, महानंदाबाईंना सांगणार नाही.

आता हॉटेलचं. मी १३ मार्चला शुक्रवारी सकाळी पोचते, एकटी. नांदेडहून रेल्वेनं येते. खोली एका माणसाची हवी. तिकिटं तीन नाटकांची, दर नाटकाला दोन. मला बसवून बाहेर जायचं नाही, शेजारी बसायचं. ऐकू आलं नाही तर मी विचारणार, आणि तू माझ्या उजव्या कानात सांगायचं. लोक बघतील, तर बघू देत. नाटक शेवटपर्यंत बघायचं, मध्ये कुणी उठवलं तरी उठायचं नाही.

एक अडचण आहे. पेपरात त्याला हॉटेल म्हटलंय. शिल्पाबाई लिहितात, तू तिथंच राहतेस. मग ते हॉटेल म्हणायचं का लेकीचं घर? हॉटेल असेल तर मी गिऱ्हाईक, काहीही खाईन-पिईन, माझा नेम शाबूत. घर असेल तर नेम मोडतो. चार दिवस मी याच विचारात होते. मग ठरवलं.

रेल्वे पहाटेची आहे, मी दमलेली असेन. दारात आले की मला 'नाव काय, किती दिवस राहणार' असलं काही विचारू नको. आधी तांब्या आण. मी तुझ्या घरचं पाणी पिणार आहे.

अव्वा